सोपाऱ्याचा शिलालेख सोपाऱ्यात वाचायला मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सम्राट अशोकाचे शिलालेख म्हटले की गिरनार, धौली, कालसी ही नावे चटकन तोंडावर येतात. दगडांवर कोरलेल्या त्याच चौदा लेखांच्या मालेचे एक ठिकाण आपल्या पालघर जिल्ह्यात, सोपाऱ्याला आहे, हे मात्र रोज नालासोपाऱ्याहून लोकल पकडणाऱ्या कितीतरी जणांच्या गावीही नसते. याचे मला मनापासून वाईट वाटते.

पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली इथे आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये शेजारच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. शूर्पारक, म्हणजे जुने सोपारा, हे अपरान्ताचे (आजच्या कोकणाचे) गजबजलेले बंदर, तेव्हा चौदाही लेख इथे कोरलेले असणार, असे अभ्यासक मानतात. गिरनारची शिळा नशीबवान, ती पायथ्याशी जागच्या जागी उभी आहे. आपल्या वाट्याला तुकडेच आले.

पण त्या नवव्या लेखात आहे काय, ते तरी पाहा! आजारपण, मुलामुलींची लग्ने, बाळाचा जन्म, प्रवासाला निघणे अशा प्रसंगी लोक नाना मंगलविधी करतात. ते खुशाल करावेत, पण त्यांचे फळ थोडे, असे सम्राट सांगतो. मोठे फळ देणारे मंगल म्हणजे दास आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, प्राण्यांच्या बाबतीत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. घरकामाला येणाऱ्या बाईंशी आपण कोणत्या सुरात बोलतो, हे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा राजा विचारतो आहे. हे आमच्या मुलांनी वाचायला नको का?

मूळ दगड संग्रहालयात सुरक्षित आहे, तो तिथेच राहू द्यावा. महापालिका आणि रेल्वेने मिळून त्याची हुबेहूब प्रतिकृती सोपाऱ्याच्या स्तूपाजवळ आणि नालासोपारा स्थानकावर ठळकपणे बसवावी. वर ब्राह्मी अक्षरे, खाली देवनागरीत पाठ आणि सोप्या मराठीत अर्थ, एवढे पुरे. तुटलेला मजकूर इतर ठिकाणच्या लेखांवरून भरून काढता येतो, आणि पाली-प्राकृतचे जाणकार मुंबई-पुण्यात आहेत. स्थानिक शाळांनीही पुढाकार घेऊन ही मागणी लावून धरावी.

आपला,
एक वाचक, विरार