पुढचा टायर वेगळा, मागचा वेगळा

नागपूर,
२८ मे

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस की तुझ्या हिमालयन मोटरसायकलला पावसाळ्याआधी कोणते टायर घालावेत, आणि मी "विचार करून लिहिते" एवढेच म्हणाले. तू पाठवलेल्या तिन्ही फोटोंमधले टायर दिसायला उत्तम आहेत, पण त्यांतला एकही निवडताना तू तुझा रस्ता डोळ्यांसमोर आणला होतास असे मला वाटले नाही. बांधकाम खात्यात ३१ वर्षे मी रस्तेच केले. टायरचे मला जे काही कळते ते रस्त्याच्या बाजूने कळते, आणि तेवढेच या पत्रात लिहिते आहे.

तू सांगितलेले आकडे मी वहीत मांडले. मेळघाटातल्या धारणीहून तुझी रोजची फेरी ४० किलोमीटरची, त्यातले १२ किलोमीटर खडीचे आणि मुरमाचे. महिन्याचे २२ दिवस धरले तर ८८० किलोमीटर होतात आणि त्यातले कच्चे २६४. शिवाय महिन्यातून दोनदा सेमाडोह, परतवाडा, अमरावती करत नागपूरला ये-जा, म्हणजे आणखी सुमारे १२०० किलोमीटर डांबर. एकूण २०८० पैकी २६४, म्हणजे शेकडा १३ सुद्धा भरत नाही. हा हिशेब दुकानात सांगितलास तर कोणीही तुला ८०-२० म्हणतात तो, म्हणजे मुख्यतः डांबरासाठी केलेला टायर काढून देईल, आणि त्याचे काही चुकले असेही म्हणता येणार नाही. (हे ८०-२० आणि ५०-५० चे आकडे कंपन्या स्वतःच ठरवतात. त्यामागे कोणतेही ठरलेले मोजमाप नाही, म्हणून दोन कंपन्यांचे ५०-५० शेजारी ठेवले तर एक दुसऱ्यापेक्षा बराच खडबडीत निघू शकतो. आकडा वाचण्याआधी नक्षी पाहा.)

परंतु आजवर तू दोनदा घसरलीस, आणि दोन्ही वेळा त्या १२ किलोमीटरमध्येच, पुढचे चाक बाजूला निसटून. मागचे चाक घसरले तर गाडी शेपूट हलवते आणि बहुतेक वेळा सावरता येते. पुढचे निसटले तर सावरायला क्षणही मिळत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की दोन्ही टायर एकाच हिशेबाने घेऊ नकोस. मागचा टायर किलोमीटर मोजून घे आणि पुढचा तू जिथे पडलीस तो रस्ता आठवून घे.

आता तो रस्ता. "खडी" हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि टायरच्या दृष्टीने त्या तिन्ही वेगळ्या आहेत. पहिले खडीकरण. त्यात ६३ ते ४५ मिलिमीटरचा दगड पसरून दाबतात, वर बारीक खडी भरतात, मग मुरूम टाकून पाणी मारतात आणि पुन्हा रोलर फिरवतात. दगडांना जागेवर धरून ठेवतो तो मुरूम. पावसात तो वाहून जातो, उन्हाळ्यात वाहनांमागे धूळ होऊन उडतो, आणि मग उघडे पडलेले दगड चाकाखाली एकेक करून फिरू लागतात. मेळघाटातला दगड म्हणजे आपला काळा बेसाल्ट. फोडला की त्याच्या कडा पात्यासारख्या निघतात आणि लवकर बोथट होत नाहीत. अशा ठिकाणी खोल आणि सुटे ठोकळे असलेली नक्षी उपयोगी पडते, कारण ठोकळ्याची कड दगडाच्या मागे अडकते आणि दोन ठोकळ्यांमधल्या जागेत लहान दगडाला बसायला वाव मिळतो.

दुसरी, घट्ट बसलेल्या मुरमावर विखुरलेली बारीक खडी. तिथेही ठोकळे काम करतात, कारण ते वरची सैल खडी बाजूला सारून खालच्या मुरमात रुततात.

तिसरी सर्वांत फसवी, आणि ती कच्च्या रस्त्यावर नसते. डांबराचा नवा थर दिल्यावर त्यावर टाकलेली बारीक गिट्टी वाहनांनी उडून वळणाच्या बाहेरच्या अंगाला आणि साइडपट्टीला साचते. खाली कडक डांबर असल्यामुळे ठोकळ्याला रुतायला जागाच नसते. गिट्टी चाकाखाली छर्ऱ्यांसारखी फिरते. काटोल रस्त्याला कामाची पाहणी करून परत येताना अशाच गिट्टीवर माझी स्कूटर आडवी झाली होती आणि डाव्या कोपराची कातडी सोलून निघाली होती. ते काम माझ्याच देखरेखीखालचे होते आणि गिट्टी झाडून काढायला त्या दिवशी सकाळीच मी सांगायला हवे होते. त्या १० इंची चाकापेक्षा तुझे २१ इंची पुढचे चाक पुष्कळ बरे, पण या तिसऱ्या प्रकारावर जगातला कोणताही टायर तुला वाचवणार नाही. तिथे वळणाआधीच वेग कमी करायचा आणि गाडी शक्य तितकी सरळ ठेवायची.

बटन टायर, म्हणजे उंच आणि सुट्या ठोकळ्यांचे, तुला मोह घालतात हे मला ठाऊक आहे. पहिल्या दोन प्रकारांवर ते खरोखर उत्तम चालतात, पण डांबरावर त्यांची किंमत द्यावी लागते. ठोकळे सुटे असल्यामुळे रबराचा थोडाच भाग रस्त्याला टेकतो, ओल्या डांबरावर ब्रेक लावला की गाडी लांब जाऊन थांबते, आणि घाटात कलल्यावर उंच ठोकळे वाकतात, त्यामुळे चाक लवलवते. सेमाडोहचा घाट तुला पावसात महिन्यातून चार वेळा उतरायचा किंवा चढायचा आहे. ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून पुढे पूर्ण बटन टायर घालायला माझी संमती नाही. पुढे ५०-५० जातीचा, पण मधल्या ओळीचे ठोकळे एकमेकांजवळ आणि कडेचे सुटे असलेला टायर घे. तोही ओल्या डांबरावर आजच्यापेक्षा थोडे कमी धरेल, हे मनात ठेवून पहिल्या पावसात घाट उतर.

मागे मात्र ८०-२० जातीचाच. मागचे चाक इंजिनाची ताकद आणि सामानाचे वजन घेते, म्हणून ते आधी झिजते, आणि नवतपातल्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हातल्या, अमरावती रस्त्यावर मागचा बटन टायर मधोमध सपाट व्हायला काही हजार किलोमीटर पुरतात. तेवढ्यासाठी दर काही महिन्यांनी टायर बदलत बसणे तुझ्या पगारात बसत नाही. खडीच्या चढावर हा मागचा टायर अधूनमधून जागीच फिरेल. फिरू दे, तू घाबरून थ्रॉटल एकदम सोडू नकोस.

दोन्ही टायर एकाच जोडीचे असावेत असे सांगणारे पुष्कळ भेटतील, आणि महामार्गावर वेगाने जाणाऱ्यांसाठी ते बरोबरही आहे. तुझा वेग ताशी ८० च्या वर जात नाही, म्हणून मी वेगळे सांगते. एक पथ्य मात्र पाळ. तुझे माप पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/९०-१७ आहे. त्यात रिमच्या आकड्याआधी नुसती रेघ आहे, म्हणजे आतल्या धाग्यांची बांधणी तिरपी आहे. तिथे रेघेऐवजी आर असेल तर तो रेडियल टायर. एका चाकाला एक आणि दुसऱ्याला दुसरी बांधणी घालू नकोस. मापापुढे ६४एस असे काही लिहिलेले दिसेल. त्यातला ६४ म्हणजे तो टायर २८० किलो भार पेलतो आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत चालतो. पुढच्यासाठी ५४ म्हणजे २१२ किलो. मागे ६४ पेक्षा कमी भाराचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नकोस, तुझ्या दोन पेट्या आणि पाण्याचा कॅन मी उचलून पाहिला आहे.

टायरच्या बाजूच्या भिंतीवरचे तारखेचे चार आकडेही स्वतः वाच. ३२२३ असेल तर टायर २०२३ च्या ३२ व्या आठवड्यातला. मागच्या वर्षी बाबांनी एका दुकानातून "नवाकोरा" म्हणून आणलेला टायर घरी पाहिला तर पाच वर्षांपूर्वीचा निघाला. नक्षी पूर्ण होती, पण अंगठ्याने दाबून वाकवल्यावर ठोकळ्यांच्या मुळाशी केसासारख्या भेगा उघडल्या.

हवेबद्दल तू माझे ऐकत नाहीस, म्हणून इथे जरा विस्ताराने लिहिते. हवा सकाळी, गाडी न चालवता, थंड टायरमध्ये मोजायची. दुपारी तापलेल्या टायरमध्ये काटा तीन-चार पौंडांनी वर दिसतो आणि तू हवा सोडून देतेस, ती खरे तर सोडायची नसते. खडी लागल्यावर मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा तीन-चार पौंड कमी केले की टायर दगडाभोवती थोडा मऊ बसतो आणि हँडलचा धक्का कमी होतो. त्याहून खाली उतरू नकोस, कारण तुझ्या चाकात ट्यूब आहे. हवा कमी असताना दगडावर चाक आदळले की ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. शिवाय ढिला टायर रिमवर हळूहळू सरकतो आणि ट्यूबला सोबत नेतो. व्हॉल्व्ह रिममधून सरळ वर न येता तिरका झालेला दिसला, तर समज की ट्यूब सरकली आहे आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटण्याआधी ती सोडवून पुन्हा बसवायला हवी. डांबर लागण्याआधी हवा पुन्हा भरायची. कमी हवेचा टायर अमरावती रस्त्यावर मे महिन्यात किती तापतो ते हात लावून पाहा.

काळ्या मातीबद्दल थोडेच लिहिते. ओल्या पांदणीत शिरू नकोस, टायर कोणताही असो. ती माती नक्षीत भरून चाकाचा लाडू करते आणि मडगार्डला अडकून चाक बंद पाडते.

शनिवारी टायर बसवताना मी तुझ्यासोबत येईन. दोन्ही ट्यूब नव्या घ्यायच्या आणि स्पोकच्या टोकांवरची रबरी पट्टीही बदलायची, ती चिरलेली असली की नवी ट्यूब आठवड्यात जाते. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने हवा. हवा भरल्यावर रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक रेघ असते, ती चाकभर सारख्या अंतरावर दिसेपर्यंत गाडी खाली उतरवू द्यायची नाही. कुठे ती रिममध्ये गडप झाली असेल तर हवा सोडून, साबणाचे पाणी लावून पुन्हा बसवायला सांगायचे. नव्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर हळू. रविवारी कळमेश्वरपर्यंत जाऊन येऊ, मी मागे बसेन.

तुझ्या पुढच्या जुन्या टायरमध्ये अजून नक्षी आहे, तो टाकू नकोस, पोत्यात बांधून घेऊन ये. जुन्या ट्यूबपैकी बरी असेल ती धुऊन, टाल्कम लावून, गुंडाळून तुझ्या डाव्या पेटीत ठेवू.

तुझी,
आई