चौथ्या मजल्यावरचा पॉइंट

कुवेत,
शुक्रवार, २० फेब्रुवारी २०२६

प्रिय बाबल्या,

आधी काय शिव्या घालायच्या त्या घालून घे, मग वाच. गणपतीत फोन आपटला तो मी आणि त्यानंतर पाच महिने तोंड लपवून बसलो तोही मीच. तू त्या दिवशी बोललास त्यातलं निम्मं खरं होतं. कुठलं निम्मं ते सांगणार नाही, नाहीतर पुढची दहा वर्षं ऐकवशील.

माझी तब्येत बरी आहे. साखर थोडी वर गेलीय, गोळी चालू आहे.

फोन न करता कागद घेऊन बसलो, कारण खोलीत आम्ही सहाजण आणि ज्याच्याविषयी लिहायचंय तो माझ्या खालच्या पलंगावर झोपतो. आत्ता जुम्म्याला गेलाय. अर्धा-पाऊण तास मिळेल.

कासिम, दुसरं कोण.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. दिवसभर एका बंद खोलीत जिप्समचे बोर्ड कापत होता. मास्क खिशात, नेहमीप्रमाणे. रात्री दीडच्या सुमाराला मला हलवून उठवलं. बोलता येईना, नुसता हात छातीवर. ओठ कसे दिसत होते ते तुला सांगायला नको, तू पाहिलेले आहेत. खालच्या मजल्यावरच्या केरळवाल्याची गाडी घेतली आणि निघालो. रस्ता मोकळा. आणि वाटेत आपलं हॉस्पिटल, आम्ही काम केलं ते.

तू मागे विचारलं होतंस की ते जाबेर का. नाही रे. जाबेर वेगळं, ते साउथ सुर्राला, ११६८ खाटांचं. ते आणि नवं जहरा, दोन्ही २०१८ ला उघडली. आपलं त्यांच्यानंतरचं. रात्री बघितलंस तर जहाज उभं केल्यासारखं दिसतं, सगळे मजले लखलखीत. त्यातल्या दोन मजल्यांचं मेडिकल गॅसचं पायपिंग मी आणि कासिमने केलंय. तांब्याचा पाइप आतून धुतलेला येतो, दोन्ही टोकांना टोपणं लावून. ब्रेझिंग करताना, म्हणजे पाइप तापवून जोडताना, आत नायट्रोजन सोडायचा, नाहीतर आतून काळी खपली धरते आणि ती उद्या कुणाच्यातरी नळीत जायची. हे तुला सांगतोय म्हणजे वेडाच मी! आयटीआयला माझे सगळे जॉब तूच चिकटवून दिलेस. पण हे काम मी शिकलो, बाबल्या. ऑक्सिजनचा पाइप पांढरा, व्हॅक्युमचा पिवळा. एक पॉइंट, म्हणजे खाटेमागचं गॅसचं तोंड, उघडायचा, बाकीचे सगळे तपासायचे, कुठे अदलाबदल झाली नाही ना ते बघायला. खाटेमागच्या भिंतीत चार बारचा दाब चोवीस तास उभा. त्या टेस्टिंगच्या दिवशी मी शेवटच्या पॉइंटला कान लावून उभा होतो, तेव्हा कासिम मागून म्हणाला, "आबांना ऐकू येतंय काय?" दुसऱ्या कुणी असं बोललं असतं तर पाना घातला असता डोक्यात.

तर गाडी त्याच्या समोरून गेली. आत वळली नाही, वळायचा प्रश्नच नव्हता. नवी मोठी बांधली ती कुवेतींसाठी असं धोरण आहे. तुमच्या बताक्यावर, म्हणजे इथल्या ओळखपत्रावर, पत्ता जिथला, तिथलं ठरलेलं सरकारी हॉस्पिटल तुमचं. कासिम मागच्या सीटवर वाकून बसला होता. काचेला बोट लावलं आणि अडखळत म्हणाला, "चौथा मजला. माझा पॉइंट." आणि हसला, मेला. श्वास नाही आणि विनोद करतोय.

आमच्या वाट्याच्या जुन्या हॉस्पिटलात पोचलो. माणसं चांगली, हे आधी सांगतो. डॉक्टर मिसरी, म्हणजे इजिप्तचा, नर्स कोट्टायमची. तिने आमची हिंदी ऐकून मल्याळीत शिव्या दिल्या आणि लगेच नेब्युलायझर लावला. पण खाटा भरलेल्या. कासिमला कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचर आणि शेजारी उभा सिलिंडर.

सिलिंडर, बाबल्या.

मी त्या सिलिंडरच्या दाबाच्या घड्याळासमोर पावणेदोन तास उभा होतो. काटा हळूहळू लालकडे यायला लागला. मला हॉस्पिटल दिसेना, समोर परशुराम घाट दिसायला लागला, आबांना नेत होतो तेव्हाचा. ते दुसरं वळण, तू काचेवर हात आपटत होतास आणि ड्रायव्हर म्हणत होता की आलंच चिपळूण. मी धावत जाऊन नर्सचा हात धरला. ती ओरडली, मग काटा बघितला आणि दोन मिनिटांत दुसरा आणून जोडला. एवढंच झालं. काहीच झालं नाही म्हण. पण बाथरूममध्ये जाऊन मी जे रडलो, ते कुणाला सांगू? इथे कुणाला घाट माहीत नाही.

कासिम आला. कागद उशीखाली.

(रात्री अकरा वाजलेत. झोपलाय. त्याच्या श्वासाची शिट्टी वर ऐकू येते.)

तू आता म्हणशील, "सांगत होतो, तुम्ही बांधा आणि ते वापरतील." गणपतीतलं तुझं हेच वाक्य, ज्यावर मी फोन आपटला. अजूनही मला ते पूर्ण पटत नाही. देश त्यांचा, तेल त्यांचं. इथे तीन माणसांतला जेमतेम एक कुवेती. त्यांना त्यांच्याच ओपीडीत रांगेत उभं राहावं लागत होतं, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. २०१३ साली जहराला सकाळची ओपीडी त्यांची आणि संध्याकाळची आमची असा प्रयोग झाला, तेव्हा मी नवीन होतो, मला तर त्यात काही वाटलंही नव्हतं. आमच्यासाठी वेगळी हॉस्पिटलं काढायची म्हणून २०१४ ला धमान नावाची कंपनी निघाली, तिचे दवाखानेही सुरू झाले. विम्याशिवाय इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, होत नाही. तो वर्षाला पन्नास दिनार होता, गेल्या डिसेंबरपासून शंभर झाला. त्याखेरीज मुस्तौसफला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, गेलं की दोन दिनार, आणि २०२२ पासून औषधाचे वेगळे पाच. हॉस्पिटलच्या ओपीडीला दहा आणि औषधाचे वर दहा. एका दिनाराचे अडीचशेच्या वर रुपये होतात, हिशेब तूच कर, तू दुकानदार. मुंबईत खाजगीत याच्या दुप्पट जातील हेही मला माहीत आहे. पण मुंबईत तू माणसाला आधी दारात तरी नेतोस.

आणि खरं सांगू? राग मला दाराचा नाही. राग कासिमचा. दोन दिनार आणि पाच दिनार वाचवायला हा माणूस वर्षभर मुस्तौसफला गेला नाही. खोकल्यावर बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, आणलेला बाम चोळत बसला. डॉक्टरने आता श्वासाचे दोन पंप दिलेत, एक रोजचा, एक अडचणीचा. रोजचा हा आठवड्यातून दोनदा घेतो, "संपला तर परत वीस दिनार." त्यात रमजान सुरू झालाय. दिवसा पंप मारला तर रोजा तुटेल म्हणतो. त्याच्याच मशिदीतल्या मौलवीला विचारायला पाठवलं, तर विचारून आला आणि उत्तर सांगत नाही. म्हणजे उत्तर काय मिळालं ते मला कळलं! शाळेत मार्क लपवायचा तसाच चेहरा.

डॉक्टर म्हणाला, धुळीचं काम बंद करा. मी मुदीरकडे, म्हणजे मॅनेजरकडे, गेलो, याला स्टोअरला बसवा म्हटलं. तो म्हणाला बघू. हे बघू इथलं आणि आपल्या तहसीलचं एकच.

मला वाटतं त्याने घरी यावं. तो म्हणतो घराचा स्लॅब पडल्याशिवाय नाही. भाभीला काही कळता कामा नये म्हणून माझ्या हातावर कुराण ठेवायला निघाला होता. मी म्हटलं, मी हिंदू आहे रे गाढवा. तर म्हणतो मग ग्रामदेवतेची घे. घेतली. म्हणून भाभीला सांगत नाहीये. तुला सांगू नये असं त्यात काही नव्हतं.

त्याला इथे मी आणला. तू नको म्हणाला होतास, पऱ्याच्या पुलावर, आठवत असेल. त्याच्या व्हिसाच्या पैशावरून आपलं वाजलं होतं आणि तू सहा महिने माझ्या आईशीही बोलला नव्हतास, जे चुकीचंच होतं. पण तेव्हाही त्याला शिट्टी वाजायची का रे? कबड्डीत तो लवकर बाहेर बसायचा, आपण त्याला आळशी म्हणायचो. रोज रात्री तेच आठवत पडतो.

आता काम. एक, रेशनकार्डात कासिमचं नाव अजून आहे का ते गुपचूप बघ. परदेशी गेला म्हणून कुणी काढलं असेल तर परत घालायला काय लागतं विचार. महात्मा फुले योजनेत आता सगळ्या कार्डवाल्यांना पाच लाखांपर्यंत आहे, म्हणजे अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर चिपळूण-डेरवण तरी होईल. दोन, त्याच्या स्लॅबचं खरं किती राहिलंय ते गवंड्याकडून काढ. कासिम सांगतो त्यावर माझा विश्वास नाही. माझ्याकडे थोडे आहेत. तुझ्या दुकानातून सिमेंट उधारीवर जाईल का? नाही म्हणालास तरी भांडणार नाही. बरं, थोडा भांडेन.

चिंगीची नीट परीक्षा मे महिन्यात ना? तिला सांग झोप काढ. वहिनींचा गुडघा कसा आहे? मोहोर यंदा किती? काकूंना माझा नमस्कार, आणि त्यांना यातलं सिलिंडरचं वाचून दाखवू नकोस.

शिमग्याला येत नाही. पालखी आपल्या अंगणात आली की माझा खांदा तू दे. आणि हो, नारळ फोडताना माझ्या नावाने ओरडू नकोस मागच्यासारखा.

खाली शिट्टी थांबली. बघून येतो.

कुशीवर वळला होता, बस. उशाशी पंप आहे, टोपण काढलेलं. बहुतेक घेतला असावा.

तुझा,
दिल्या

ता. क. गवंड्याला माझं नाव सांगू नकोस. तो कासिमचा मेहुणा आहे, आत्ता आठवलं.