वहिनींच्या ऑपरेशनबद्दल, बाळ्यास पत्र

सांगली,
९ जानेवारी २०२६

प्रिय बाळ्या,

काल फोन ठेवला आणि बराच वेळ झोप लागली नाही. वहिनींच्या स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीचा रिपोर्ट, परळच्या टाटा रुग्णालयातली तारीख, मुलांना किती सांगायचं, सगळं तू एका दमात बोललास. मी नुसता हं हं करत राहिलो. पण शेवटी सहज म्हणून जे बोललास ते मनातून जाईना. स्तन काढावा लागला तर तो पुन्हा घडवता येतो, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर वहिनी म्हणाल्या, "ती प्लास्टिक सर्जरी झाली, म्हणजे हौस. विम्यात ते बसत नाही, आणि आता या वयात कुणाला दाखवायचंय?" आणि तू गप्प बसलास.

एक आधी सांगतो. वहिनींना नको असेल तर नको. कितीतरी बायका छाती सपाट ठेवतात आणि उत्तम जगतात. एक मोठं ऑपरेशन वाचतं, टाके कमी, दुखणं कमी. त्यांनी विचार करून नाही म्हटलं तर मी दुसऱ्यांदा विषय काढणार नाही. पण हा नकार मला विचार करून दिलेला वाटला नाही. तो पैशाच्या भीतीतून आलाय, आणि ती भीती 'प्लास्टिक सर्जरी' या एका शब्दामुळे आहे. त्याच शब्दाशी आम्ही दीड वर्ष झगडलो आहोत, म्हणून एवढं लिहायला बसलो.

तुझी पॉलिसी काढ. मागच्या पानांवर वगळलेल्या गोष्टींची यादी असते, त्यात 'एक्सक्ल ०८' असा कोड शोध. विमा नियामक प्राधिकरणानं, म्हणजे आयआरडीएआयनं, सप्टेंबर २०१९ मध्ये या वगळण्यांची भाषा ठरवून दिली. कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा, रूप बदलण्यासाठीच्या उपचारांचा खर्च मिळणार नाही, असं त्यात आहे. लोक इथपर्यंत वाचतात आणि पान उलटतात. वाक्य मात्र पुढे चालू राहतं: अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना असेल तर ही वगळणी लागू नाही. आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका असेल आणि तो दूर करायला सर्जरी गरजेची असेल, तरीही नाही; फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ती गरज लेखी द्यायला हवी. कॅन्सर हा शब्द तिथे चक्क छापलेला आहे, बाळ्या. केस लावणं, पोटाची चरबी काढणं, नाक सरळ असताना ते आणखी धारदार करणं, याला पैसे मिळत नाहीत आणि मिळूही नयेत. वहिनींचं ऑपरेशन त्या रांगेतलं नाही.

आता माझ्या आईचं. तुला अर्धवटच माहीत आहे, कारण तेव्हा मीच कुणाशी फारसं बोलत नव्हतो. २०२१ च्या दिवाळीत चकल्या तळताना कढई कलंडली आणि उकळतं तेल तिच्या गळ्यावर नि छातीवर आलं. तेव्हाची भरती, ड्रेसिंग, सगळं कॅशलेस झालं, म्हणजे कंपनीनं परस्पर रुग्णालयाला पैसे दिले, काही अडलं नाही. त्रास पुढे झाला. जखम भरत आली तशी कातडी आवळत गेली. चार-पाच महिन्यांत हनुवटी छातीकडे ओढली गेली. तिला वरच्या फळीवरचा डबा दिसेना, गोळी घेताना मान मागे जाईना, झोपेत तोंड मिटेना. देवळात गेली तर कळसाकडे बघता येईना, याचं तिला सगळ्यात वाईट वाटायचं. मे २०२२ मध्ये आवळलेला व्रण कापून मान मोकळी केली आणि मांडीची कातडी काढून तिथे लावली. नंतर कित्येक महिने गळ्याला पट्टा, नाहीतर ती कातडी पुन्हा आवळते.

कॅशलेस नाकारलं. भिशीचे पैसे उचलले, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या, बिल भरलं. मग क्लेमचे कागद पाठवले, तर उत्तर आलं: कॉस्मेटिक प्रोसिजर, देय नाही. मी रागानं डिस्चार्ज कार्ड पुन्हा वाचलं तेव्हा उलगडा झाला. त्यावर ऑपरेशनचं नाव होतं 'स्कार रिव्हिजन, नेक', व्रणाची दुरुस्ती. डॉक्टरांच्या लेखी रोजचा शब्द, त्यात चूक काहीच नाही. पण टेबलापलीकडे बसून फाइल तपासणाऱ्याला तो व्रण दिसायला बरा करण्याचा प्रकार वाटला. मान हलत नव्हती हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. दिवाळीतल्या भाजण्याचा उल्लेखही नव्हता.

डॉक्टरांकडे परत गेलो. त्यांनी दुसरं पत्र दिलं. भाजल्यामुळे मानेला आलेला आखडलेपणा, ऑपरेशनपूर्वी मान किती अंश मागे जात होती आणि नंतर किती, ऑपरेशन केलं नसतं तर काय झालं असतं, सगळं त्यात आलं. सोबत आधीच्या भरतीचे कागद आणि आधीचे-नंतरचे फोटो. कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी पाठवलं, पुन्हा नकार. तेव्हा विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेलो. आपल्या भागासाठीचं कार्यालय पुण्याला, नारायण पेठेत. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकील चालतच नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी. तिनं नाकारलं किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, की तिथून एका वर्षाच्या आत लोकपालांकडे जाता येतं. सुनावणीला आई स्वतः आली. तिला दोनच प्रश्न विचारले. तिनं पदर बाजूला करून गळा दाखवला आणि म्हणाली, "साहेब, मला पाणी पिता येत नव्हतं." निकाल आमच्या बाजूनं लागला. १ लाख ४२ हजार मिळाले, पाटल्या सोडवल्या.

त्या दिवसांत मी प्लास्टिक सर्जरीबद्दल सापडेल ते वाचत होतो. 'प्लास्टिक' हा शब्द ग्रीक आहे, अर्थ घडवण्याजोगा, मातीला आकार देतात तसा. आणि ऐक, लंडनच्या एका मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये आपल्या पुण्याची हकीकत छापून आली होती. कावसजी नावाचा मराठा गडी, इंग्रज फौजेत बैल हाकणारा. टिपूच्या सैन्याच्या हाती लागला, त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळच्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. तो माणूस जातीनं विटा पाडणारा होता. मातीत हात असलेला. ते वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जननं १८१४ मध्ये लंडनला तीच रीत करून पाहिली, आणि तिथून ती युरोपात पसरली. कावसजीच्या नाकाला हौस कोण म्हणेल? मला तेव्हा हे वाचून खूप धीर आला होता. वहिनींनाही सांग.

आता तुमच्यासाठी करायचं ते. परळला गेलात की डॉक्टरांना पहिल्यांदा हे विचारा की पुनर्रचना त्याच ऑपरेशनमध्ये करायची की नंतर. पुढे रेडिएशन द्यायचं असेल तर ते बरेचदा थांबायला सांगतात. पाठीचा स्नायू किंवा पोटाची कातडी-चरबी वापरणार की इम्प्लांट घालणार, तेही विचारा, कारण खर्चात मोठा फरक पडतो. आणि प्रत्येक कागदावर, प्री-ऑथच्या, म्हणजे कॅशलेसची आधी मंजुरी मागण्याच्या, फॉर्मपासून डिस्चार्ज कार्डापर्यंत, 'स्तनाच्या कॅन्सरसाठी स्तन काढल्यानंतरची पुनर्रचना' असं पूर्ण लिहून घ्या. नुसतं 'इम्प्लांट' नको. दुसऱ्या बाजूचा स्तन जुळवून घ्यायचं ठरलं तर तो त्याच पुनर्रचनेचा भाग आहे हे डॉक्टरांकडून वेगळं लिहून घ्या. हरकत निघाली तर तिथेच निघेल.

तुझी पॉलिसी पाच लाखांची आणि घरातल्या सगळ्यांची मिळून एक आहे. ऑपरेशन आणि केमो एका वर्षात आलं तर पैसे संपू शकतात. पुनर्रचना पुढच्या पॉलिसी वर्षात गेली तर विम्याची रक्कम पुन्हा पूर्ण मिळते, पण त्यासाठी नूतनीकरणात एक दिवसाचाही खंड पडता कामा नये. हप्त्याची तारीख मला कळव, मीही लक्षात ठेवतो. आणि तू २०१७ पासून खंड न पाडता हप्ते भरतोयस. आता साठ महिने झाले की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, 'जुना आजार लपवलात' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. त्याची धास्ती सोड.

मे २०२४ पासून नियम आणखी कडक झालेत. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा, डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. नाकारायचं तर त्यांच्या समितीची मान्यता हवी आणि कुठल्या अटीनुसार नाकारलं ते कळवायला हवं. टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीवरचा मुलगा "सर, हे बसत नाही" एवढंच म्हणाला, तर त्याच्यावर चिडू नकोस, त्याच्या हातात काही नसतं. लेखी माग. आईच्या वेळी मी पहिले तीन आठवडे तोंडी नकारावर घालवले, त्याची चुटपुट अजून आहे. पैसे अगदीच अपुरे पडले तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. त्यात नेमकं काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून कळेल.

संक्रांत झाली की मी नाशिकला येतो. पॉलिसी, सगळे रिपोर्ट आणि हप्त्यांच्या पावत्या एका फाइलीत लावून ठेव, आपण बसून वाचू. हा मधला भाग वहिनींना तू वाचून दाखवू नकोस, पत्रच त्यांच्या हातात दे.

आणि आईला वहिनींशी बोलायचंय. आम्हा दोघांना मध्ये न घेता. ती दुपारी तीननंतर मोकळी असते.

तुझा,
अण्णा