ठोसा शिकवणाऱ्याची तयारी

महोदय,
रविवारच्या पुरवणीतील बॉक्सिंग-फिटनेसवरील लेख वाचला. कॅलरींचा हिशेब भरपूर. शिकवणाऱ्याच्या तयारीबद्दल चकार शब्द नाही. मनगट सरळ नसताना बॅगेवर ठोसा मारला, तर करंगळीमागचे तळहाताचे हाड मोडू शकते. अस्थितज्ज्ञांना हे ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ चांगलेच परिचयाचे आहे. नवख्याच्या हाताला साडेचार मीटरची पट्टी नीट गुंडाळणे किंवा खांदा सांभाळून पॅडवर ठोसा झेलणे हे व्हिडिओ पाहून जमत नाही. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था 1961पासूनची. तिथले प्रशिक्षक घडतात ते प्रामुख्याने स्पर्धेसाठी. रक्तदाब असलेल्या पन्नाशीच्या सभासदाला किती फेऱ्या द्यायच्या, हा निराळा अभ्यास. जिमचालकांनी प्रशिक्षकाचे प्रशिक्षण आणि प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे. डंबेल्सच्या दरपत्रकाशेजारी जागा असतेच.

– एक वाचक, ठाणे