शाळेतील स्मृतिदिन गावच्या नावांनी सुरू व्हावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या मराठी प्राथमिक शाळेत २६ जुलैला कारगिल विजय दिन पाळण्यात आला. पावसामुळे कार्यक्रम व्हरांड्यातच झाला. पाहुण्यांची भाषणे नेहमीप्रमाणे लांबली आणि १९९९ च्या युद्धाची माहिती मुलांनी पाठ म्हणून दाखवली. त्यात गैर काहीच नाही. मात्र ज्या चावडीवरून ही मुले रोज शाळेत येतात, तिच्या भिंतीतल्या दगडी पाटीचा कोणी उल्लेखही केला नाही, हे निवृत्त शिक्षक या नात्याने मला खटकले.

१९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गावातून किती जण गेले आणि किती कामी आले, एवढेच त्या पाटीवर कोरलेले आहे. नाव एकाचेही नाही. मेसोपोटेमियात (आजच्या इराकात), विशेषतः कूत शहराच्या वेढ्यात, मराठा पलटणींनी अतोनात हाल सोसले. तरीही बसरा येथील स्मारकावर ब्रिटिशांची नावे कोरली गेली आणि साध्या हिंदी शिपायांची केवळ संख्या.

ते तर इंग्रजांसाठी लढले, मग शाळेने त्यांचे स्मरण का करावे, असे एका पालकाने मला विचारले. भाताच्या तुकड्यावर घर भागत नाही म्हणून पलटणीत भरती झालेल्याला युद्ध कोणाचे हे ठरवण्याची मुभा कधीच नव्हती, आणि त्याच पलटणींचा वारसा सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आज बेळगावात आहे, याचा आपल्याला अभिमानही वाटतो.

एसडीएमसीने (शाळेच्या विकास व देखरेख समितीने) आणि गावातील माजी सैनिकांनी मिळून वरच्या वर्गातील मुलांना घरोघरी पाठवावे. जुनी पदके, पेन्शनचे कागद, आजी-पणजींच्या तोंडची नावे, जे मिळेल ते एका वहीत उतरवावे, स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांतील जवानांची नावेही त्यातच घ्यावीत आणि पुढल्या २६ जुलैला भाषणांच्या आधी ती वही मुलांनीच वाचावी. शेजारच्या कन्नड शाळेलाही बरोबर घ्यावे, कारण पलटणीत गेलेली घरे दोन्ही भाषांची होती. देवळामागच्या दगडांना आपण वीरगळ म्हणतो, तो शब्दसुद्धा कन्नड ‘वीरगल्लु’वरूनच आला आहे.

पाटीवर सध्या चुन्याचे थर चढले आहेत. गणपतीपूर्वी चावडीची रंगरंगोटी होईल, तेव्हा ते खरवडताना अक्षरे जाऊ नयेत, एवढी ताकीद ग्रामपंचायतीने कारागिरांना आधीच द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. खानापूर, जि. बेळगाव