गिटारचा आवाज वेळेवर आणणाऱ्यांचे आभार

कोल्हापुरात राजारामपुरीपासून मंगळवार पेठेपर्यंत, घरोघरी लॅपटॉपवर गिटार रेकॉर्ड करताना आवाज कानात यायला होणारा उशीर ज्यांनी नाव न सांगता, चहावरच भागवून घालवला, त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

पहिले आभार बफरचा, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती तुकडे (सॅम्पल) साठवून पुढे पाठवतो त्याचा, हिशेब कागदावर मांडून दाखवणाऱ्याचे. ४४,१०० हर्ट्झला (सेकंदाला तेवढे सॅम्पल) ५१२ सॅम्पल म्हणजे ११.६ मिलिसेकंद; जाताना तेवढे, येताना तेवढे, वर आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या कन्व्हर्टरचे थोडे. तार छेडल्यावर आवाज पंचवीसएक मिलिसेकंदांनी कानात, मग ठेका हातात राहणार कसा? बफर १२८ केला की एका बाजूचे २.९ उरतात. एवढा उशीर अ‍ॅम्पपासून मीटरभर लांब उभं राहिल्यावरही होतोच, त्याची तक्रार कोण करतो! कडकड सुरू झाली तर २५६. आणि रेकॉर्डिंग संपवून ट्रॅक जुळवायला, म्हणजे मिक्सिंगला बसल्यावर खुशाल १०२४.

गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीच्या, म्हणजे इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर कमी उशिराने आवाज नेणारं सॉफ्टवेअर) निवडायला लावणाऱ्याचे, केबल हबमधून काढून थेट लॅपटॉपला जोडणाऱ्याचेही आभार. मास्टरवरचा, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या चॅनेलवरचा, लुकअहेड लिमिटर (पुढचा आवाज आधी बघून मोठा आवाज दाबणारा) आणि लिनियर फेज ईक्यू (आवाजाचा पोत बदलणारा) बंद करणारा तर खरा वस्ताद. हे दोन्ही प्लगइन स्वतःच उशीर वाढवतात, मग बफर कितीही कमी करा.

डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे लॅपटॉपमध्ये न जाता इंटरफेसमधूनच थेट आवाज ऐकणं, चालू केल्यावर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं ट्रॅकचं मॉनिटर बटण बंद करायचं, नाहीतर आवाज दुहेरी येतो, हे सांगणाऱ्या ताईंचेही ऋणी आहोत.

आणि उशीर वाढवणारे ब्लूटूथ हेडफोन काढून हातात वायरवाला देणाऱ्या भावा, तुला तांबडा-पांढरा रस्सा आमच्याकडून!