ज्याला पत्र लिहिले, तो माणूसही सांगा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

३१ मे हा डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांचा जन्मदिवस. तो जवळ आला की पोर्तुगालच्या संसदेत गेलेल्या या गोमंतकीय डॉक्टर-लेखकाची आठवण निघते. व्याख्याने होतात, लेख छापून येतात आणि त्यात एक वाक्य हमखास असते: ‘ज्या वंशाने महाभारत रचले आणि बुद्धिबळाचा शोध लावला, त्या वंशातला मी आहे.’ वाक्य अभिमान वाटावा असेच आहे. पण ते ५ जानेवारी १८६१ च्या एका पत्रातले आहे आणि ते पत्र कोणाला तरी लिहिलेले होते, इकडे कोणाचे लक्ष जात नाही. फार तर ‘लामार्तिन नावाच्या फ्रेंच कवीला’ एवढे ओझरते सांगून वक्ते पुढे सरकतात. मी फोंड्याच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात बरीच वर्षे फ्रेंच शिकवले. हा लामार्तिन कोण, हे माझ्या वर्गातल्या मुलांनाही मी सांगेपर्यंत माहीत नसायचे, आणि एकदा सांगितले की तीच मुले पत्राचा पुढचा भाग आपणहून मागायची. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहिते आहे.

अल्फाँस द लामार्तिनचा जन्म २१ ऑक्टोबर १७९० चा, बर्गंडीतल्या माकों गावचा. घराणे सरदारी, राज्यक्रांतीच्या दहशतीच्या काळात त्याच्या वडिलांना राजनिष्ठ म्हणून तुरुंगात टाकले होते. तुरुंगासमोरच्या घराच्या खिडकीत आई त्या तान्ह्या मुलाला वर धरून वडिलांना दाखवायची, असे त्याने आठवणींत लिहिले आहे. आपला वर्ग राज्यक्रांतीने मोडीत काढला हे ज्या मुलाने पाळण्यात असल्यापासून ऐकले, तो पुढे सूडाच्या राजकारणात शिरला असता तर कोणी नवल केले नसते. लामार्तिन तिकडे गेला नाही, आणि मला त्याच्याविषयी आदर वाटू लागला तो इथूनच. वडील धाकटी पाती असल्याने वाट्याला मोठा वाडा आला नाही. मिली नावाच्या खेड्यात द्राक्षमळे आणि एक साधे घर मिळाले. तिथे गावातल्या शेतकऱ्यांच्या पोरांबरोबर तो वाढला.

१८१६ साली हवापालटासाठी तो बुर्जेच्या तळ्याकाठी गेला. तिथे त्याला ज्युली शार्ल भेटली. ती विवाहित होती आणि क्षयाने पोखरलेली. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच भेटायचे ठरले, पण ती येऊ शकली नाही. तो एकटाच तळ्याकाठी बसला आणि त्याने काळाला थांबायची विनवणी करणारी कविता लिहिली. डिसेंबरात ती गेली. ही कविता मार्च १८२० मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या संग्रहात आहे. चोवीस कवितांचे ते लहानसे पुस्तक. फ्रेंच कवितेत त्यानंतर स्वच्छंदतावादाचे युग सुरू झाले असे अभ्यासक मानतात. आमच्या वेळी मुलांना ती कविता पाठ करावी लागे. तळ्याचे पाणी, वल्ह्यांचा आवाज, मग अचानक त्या बाईचा स्वर. फ्रेंचचा गंध नसलेल्यालाही ती मोठ्याने वाचून दाखवली की त्यातले काहीतरी पोहोचते.

त्याचे राजकारण मात्र आपल्याकडे कोणी सांगत नाही, आणि गोमिशना समजून घ्यायचे तर तेच सांगायला हवे.

नेपल्स आणि फ्लोरेन्स इथे त्याने वकिलातीत नोकरी केली. १८३० च्या जुलै क्रांतीनंतर ती सोडली. १८३२ साली बायको आणि एकुलती एक मुलगी ज्युलिया यांना घेऊन पूर्वेच्या प्रवासाला निघाला. त्या डिसेंबरात बैरूतमध्ये दहा वर्षांची ज्युलिया वारली. तो अजून प्रवासातच होता, तेव्हा इकडे फ्रान्समध्ये त्याला लोकसभेवर निवडून दिले गेले. सभागृहात कुठे बसणार, डावीकडे की उजवीकडे, असे विचारल्यावर ‘छतावर’ असे त्याचे उत्तर प्रसिद्ध आहे. हे शब्द काही जण कवीचा अधांतरीपणा म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. कोणत्याही गटाच्या पदराला न बांधता तो पंधरा वर्षे एकामागून एक विषय लावून धरत राहिला: वसाहतींतली गुलामगिरी संपवा, फाशी बंद करा, गरिबांसाठी सरकारने काही करा. नेपोलियनचे अवशेष पॅरिसला आणायचे ठरले तेव्हा सगळा देश भारावलेला असताना, तलवारीची पूजा करू नका असे बजावणारा हाच.

मग २४ फेब्रुवारी १८४८. राजा पळाला, प्रजासत्ताक जाहीर झाले, आणि हंगामी सरकारात परराष्ट्र खाते लामार्तिनकडे आले. प्रत्यक्षात सरकारचा चेहरा तोच होता. दुसऱ्याच दिवशी पॅरिसच्या नगरभवनासमोर हत्यारबंद जमाव उभा राहिला. तिरंगा नको, लाल निशाण लावा, अशी मागणी होती. लामार्तिन त्यांच्यासमोर गेला आणि बोलला: तुमचे लाल निशाण फक्त पॅरिसच्या शां-द-मार्स मैदानाभोवती फिरले, तेही १७९१ साली लोकांच्या रक्तातून ओढले जात, तिरंगा मात्र देशाचे नाव आणि स्वातंत्र्य घेऊन साऱ्या जगभर फिरला. जमाव परत गेला. तोफा न लावता, नुसत्या शब्दांवर. आज फ्रान्सचा झेंडा तिरंगी आहे, त्यात त्या दुपारचा वाटा मोठा आहे.

त्या सरकारचे आयुष्य जेमतेम दहा आठवड्यांचे. तेवढ्यात राजकीय गुन्ह्यांसाठी फाशी रद्द झाली. मतदानासाठी कर भरण्याची अट गेली आणि मतदार सुमारे अडीच लाखांवरून नव्वद लाखांच्या वर गेले. (बायकांना मात्र तिथे १९४४ पर्यंत थांबावे लागले; एक बाई म्हणून हे इथे नोंदवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.) आणि २७ एप्रिल १८४८ ला फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी संपवणारा हुकूम निघाला. त्यामागचे कष्ट गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या व्हिक्तोर शेल्शेरचे, पण त्यावर लामार्तिनचीही सही आहे. जवळजवळ अडीच लाख माणसे त्याने मुक्त झाली. पोर्तुगीज साम्राज्यात असा हुकूम यायला २५ फेब्रुवारी १८६९ उजाडले. आपल्या गोव्यातही गुलाम विकले-घेतले जात होते, हे लक्षात घेऊन ही दोन सालं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

त्या एप्रिलात तो एकाच वेळी दहा विभागांतून निवडून आला. डिसेंबरात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. सुमारे ७४ लाख मतांपैकी नेपोलियनचा पुतण्या लुई नेपोलियन याला ५४ लाख, आणि लामार्तिनला १८ हजारांहूनही कमी. उजव्यांना तो क्रांतिकारक वाटत होता आणि जूनमध्ये कामगारांचा उठाव रक्त सांडून मोडल्यानंतर कामगारांना तो त्यांचा उरला नव्हता. अध्यक्ष थेट जनतेने निवडावा असा आग्रह सभागृहात त्यानेच धरला होता, आणि त्याच वाटेने आलेल्या माणसाने १८५१ मध्ये प्रजासत्ताक मोडून काढले. लामार्तिन राजकारणातून बाहेर फेकला गेला तो कायमचा.

पुढची वर्षे कर्जाची. दानत मोठी, हिशेब कच्चा, द्राक्षमळ्यांत गुंतवलेला पैसा बुडालेला. देणी फेडायला तो रात्रंदिवस लिहीत राहिला. १८५६ पासून त्याने साहित्यावर दरमहा एक अंक काढायला सुरुवात केली, वर्गणीदारांसाठी. पहिल्याच काही अंकांत भारत आहे. वेद आणि महाकाव्यांविषयी तो आदराने लिहितो, शाकुंतलावर तर भरभरून. तिथेच तो एक आठवण सांगतो. तरुणपणी शिकारीत त्याने एक हरीण मारले. ते गवतावर पडले होते, जीव गेला नव्हता, आणि त्याच्याकडे डोळे लावून पाहत होते. त्या नजरेपुढे त्याला उभे राहवेना. त्याने शिकार कायमची सोडली. भारतीय काव्यातली प्राणिमात्रांविषयीची कणव त्याने या अनुभवाशी जोडली आहे. सरदार घराण्यातल्या माणसाने शिकार सोडणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. महाभारताचे नाव काढले तर ज्याच्या मनात काही हलेल, असा हा वाचक होता.

१८६० च्या अखेरीस त्याला मिलीचे घर विकावे लागले. लहानपणीचे, आईच्या आठवणींचे घर. त्यानंतर काही आठवड्यांनी लिस्बनहून आपल्या गोमिशनी त्याला पत्र लिहिले.

हे मला फार महत्त्वाचे वाटते. नावेलीला जन्मलेला, गोव्यातच वैद्यक शिकलेला, एकतीस वर्षांचा हा डॉक्टर नुकताच पोर्तुगालच्या संसदेत खासदार म्हणून पोहोचला होता. त्याला कोणा मंत्र्याला लिहिता आले असते, कोणा राजदूताची मर्जी धरता आली असती. त्याने लिहिले ते सत्ता गेलेल्या, कर्जात बुडालेल्या, सत्तरीतल्या कवीला. ज्याच्याकडून काहीच मिळण्यासारखे नव्हते, अशाला. आपल्या देशाची व्यथा कोणापुढे मांडावी याची ही निवड आहे आणि ती निवडच गोमिशविषयी खूप काही सांगते.

आणि आता तो पुढचा भाग, जो भाषणांत गाळला जातो. आपला जन्म ईस्ट इंडीजमध्ये झाला, जी भूमी एके काळी काव्य, तत्त्वज्ञान आणि इतिहास यांचा पाळणा होती आणि आज त्यांची कबर आहे, असे ते लिहितात. महाभारत रचणारे राष्ट्र आज आपल्याच देशात कैदी होऊन पडले आहे, असे लिहितात. भारतासाठी मी स्वातंत्र्य आणि प्रकाश मागतो, असे लिहितात; मी स्वतः माझ्या देशबांधवांपेक्षा भाग्यवान, कारण मी नागरिक आहे, मुक्त आहे. १८६१ साल आहे, संपादक महाशय. काँग्रेसच्या स्थापनेला अजून चोवीस वर्षे आहेत. गोव्याच्या सासष्टीतला एक ख्रिस्ती माणूस महाभारत आपले म्हणतो, अख्ख्या भारताला ‘माझा देश’ म्हणतो आणि त्याचे स्वातंत्र्य मागतो. आणि आपण त्यातले बुद्धिबळ तेवढे उचलतो.

लामार्तिनला देव्हाऱ्यात बसवा असे मी म्हणत नाही. पूर्वेकडच्या देशांवर युरोपने पालकत्व घ्यावे अशा कल्पना त्यानेही मांडल्या होत्या. जे स्वातंत्र्य त्याने पॅरिसच्या मजुराला दिले, ते बैरूतच्या माणसाला देताना त्याचा हात आखडला. गोमिशनी त्याच्याकडे नेमकी तीच मागणी नेली, आणि म्हणूनही ते पत्र मोठे आहे. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे फोंडा-डिचोलीसारख्या पोर्तुगिजांनी उशिरा जिंकलेल्या भागातल्या, आम्हा मराठी वाचकांना गोमिश पोर्तुगीजमध्ये लिहिणारे म्हणून जरा परके वाटत आले. १८६६ ची त्यांची कादंबरी पोर्तुगीजमध्ये आहे, अर्थशास्त्रावरचे लेखनही पोर्तुगीज आणि फ्रेंचमध्ये. फोंडा-डिचोलीच्या घराघरांत संध्याकाळी पांडवप्रताप वाचला जाई, आणि तिकडे लिस्बनमध्ये हा माणूस त्याच पांडवांची कथा रचणाऱ्या वंशाचा म्हणून आपली ओळख देत होता. हे परकेपण आता टाकून द्यायला हवे.

लामार्तिन २८ फेब्रुवारी १८६९ ला पॅरिसमध्ये वारला. सें-प्वां गावात घरच्यांशेजारी त्याला पुरले. आजारी गोमिश त्याच वर्षी गोव्याकडे यायला निघाले आणि ३० सप्टेंबरला वाटेत जहाजावरच वारले, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. त्यांना समुद्रातच निरोप द्यावा लागला. त्यामुळे डोके टेकवायला इथे त्यांची समाधीही नाही. आहेत त्या त्यांच्या नावाच्या जागा: पणजीतली कांपालची बाग आणि नावेलीचे जिल्हा ग्रंथालय.

या दोन्ही ठिकाणी ते पत्र पूर्ण लावावे, ही माझी मागणी आहे. मूळ फ्रेंच, शेजारी कोकणी आणि मराठी, आणि खाली लामार्तिन कोण होता हे चार ओळींत. उच्च माध्यमिकच्या इतिहासाच्या पुस्तकात एका पानाची जागा मिळाली तर उत्तमच. आपल्या दैनिकानेही येत्या ३१ मे रोजी एक वाक्य छापण्याऐवजी ते पत्र अथपासून इतिपर्यंत छापावे. इंग्रजीवरून केलेली भाषांतरे फिरत असतात. ती घेऊ नयेत. मूळ फ्रेंचवरून मराठी करून द्यायला मी तयार आहे, मोबदला नको, आणि कोकणीसाठी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघे तयार आहेत. मजकूर एप्रिलच्या अखेरीस आपल्या कार्यालयात पोहोचता करीन.

आपली,
एक निवृत्त फ्रेंच शिक्षिका,
फोंडा, गोवा